जुगाडाला दुरुस्ती म्हणू नका

कोल्हापुरात एखाद्याला 'जुगाडू' म्हटलं की तो गडी खूश होतो. छाती दोन इंच पुढं. मला कुणी तसं म्हटलं तर मी हातातला पाना खाली ठेवतो आणि विचारतो, माझं काय चुकलं ते आधी सांगा. गेली काही वर्षं मी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये पंप, छोटी इंजिनं आणि पावसाळ्याच्या तोंडावर बोटीची इंजिनं दुरुस्त करतो. बोटीची म्हणजे आउटबोर्ड, बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची. त्यातली बरीचशी जुनी. कुणाच्या वडिलांच्या काळातलं जॉन्सन, कुणी मालवणहून आणलेलं जपानी, कुणी गोव्यातनं भंगाराच्या भावात उचललेलं इव्हिनरूड. आणि दर वर्षी त्यातल्या निम्म्याहून जास्त इंजिनांची तक्रार एकच असते: खालच्या गिअरकेसमध्ये पाणी शिरतंय.

या एका तक्रारीवर आपण काय काय करतो ते बघत बघत माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याला दुरुस्ती येत नाही असं नाही. आपल्याला ती कंटाळवाणी वाटायला लागलीय. जुगाड मजेशीर असतो, रीलमध्ये बसतो. दुरुस्तीत मोजमाप असतं, वाट बघणं असतं, आणि शेवटी दाखवायला काहीच नसतं. पाणी शिरत नाही, याचा व्हिडिओ कसा काढणार?

आधी ज्यांनी हे प्रकरण कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी. आउटबोर्डचं डोकं वर असतं, तिथे पेट्रोल जळतं. तिथून एक उभा शाफ्ट खाली पाण्यात जातो. तळाशी माशाच्या आकाराची अल्युमिनियमची पेटी असते, ती गिअरकेस. उभ्या शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन, त्याला लागून एक पुढचा आणि एक मागचा गिअर, आणि तिथून आडवा शाफ्ट बाहेर निघून पंख्याला जातो. हे सगळं पाव ते अर्ध्या लिटर तेलात बुडून फिरतं आणि ती पेटी स्वतः पाण्यात बुडून फिरते. आत तेल, बाहेर पाणी. मध्ये काय? रबराच्या ओठासारखी दोन-चार ऑइल सील, काही ओ-रिंगा, आणि दोन स्क्रूंखालचे दोन वॉशर. बास.

पाणी आत गेलं की तेल दुधाळ होतं, आपल्या टपरीवरच्या चहासारखं दिसतं. ते तेल दात आणि बेअरिंग यांच्यामध्ये नीट पडदा धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे इंजिन पुढचे दहा महिने गोडाऊनमध्ये उभं राहतं. पाणी तेलापेक्षा जड, ते सावकाश तळाशी बसतं आणि तिथल्या बेअरिंगला गंज चढवत राहतं. इंजिन मरतं ते पाण्यात धावताना नाही, फाल्गुन-चैत्रात, कोरड्या गोडाऊनमध्ये, कुणी बघत नसताना.

आता गंमत बघा. पाणी आत शिरतं कधी? बहुतेकांना वाटतं, इंजिन जोरात चालू असताना. बोट धावतेय, पंखा फिरतोय, पाण्याचा मारा होतोय, तेव्हाच. पण अर्धा मीटर खोलीवर पाण्याचा दाब असतो जेमतेम पाऊण पीएसआय. शिवाय चालताना तेल तापतं, आतली हवा फुगते आणि उलट बाहेर ढकलते. खरा खेळ इंजिन बंद केल्यावर सुरू होतो. साठ अंशांवर तापलेली पेटी पंचवीस अंशांच्या पाण्यात थंड व्हायला लागली की आतल्या हवेचा दाब साधारण दहावा हिस्सा उतरतो, म्हणजे जवळजवळ दीड पीएसआय. खोलीच्या दाबापेक्षा दुप्पट ओढ. पेटी पाणी पिते ती विसावल्यावर. म्हणून दहा मिनिटं पिंपात इंजिन चालवून "बघा मेस्त्री, एक थेंब नाही" असं कुणी म्हणालं की मी त्याला म्हणतो, आता ते तिथंच पाण्यात रात्रभर ठेव आणि उद्या ये. बहुतेक जण उद्या येत नाहीत.

मग जुगाड काय काय होतात? पहिला, सगळ्यात लाडका: तेलाऐवजी ग्रीस भरायचं. "घट्ट आहे, पाणी येणार नाही." ग्रीस घट्ट असतं म्हणूनच अडचण. गिअरचे दात त्यात एकदा वाट कापतात, ग्रीस बाजूला सरकून तिथंच बसून राहतं आणि दात कोरडे फिरतात. तेल परत खाली वाहत येतं, ग्रीस येत नाही. दुसरा: बाहेरून एम-सील, सिलिकॉन, जे हाताला लागेल ते थापायचं. स्थिर जोडावर ते चार दिवस टिकेलही. पण जिथून पाणी येतं तिथे शाफ्ट फिरतोय. फिरत्या गोष्टीला चिकटवणार काय? तिसरा प्रकार सभ्य दिसतो म्हणून जास्त धोक्याचा. दर फेरीनंतर दुधाळ तेल काढायचं, नवं भरायचं आणि "मेंटेनन्स चालू आहे" म्हणायचं. ताप आलेल्या माणसाचा रोज सदरा बदलावा तसं.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर कुणी जाणकार मला धरेल. ब्रिटिश सीगल नावाची जुनी इंग्रजी इंजिनं आहेत. त्यांच्या गिअरकेसला आजच्या अर्थाने ऑइल सीलच नाहीत. जाड १४० नंबरचं तेल भरायचं, त्यात पाणी मिसळणार हे धरूनच ती पेटी बनवलेली. तिथे दुधाळ तेल हा आजार नाही, तो त्या यंत्राचा स्वभाव आहे. एका गृहस्थांनी असं इंजिन आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, गळती काढा. मी म्हटलं, साहेब, यात काढण्यासारखी गळती नाही, तेल बदलत राहा. त्यांना ते पटलं नाही. दुसरीकडे नेलं, तिथे कुणीतरी सगळीकडे सिलिकॉन भरून दिलं आणि पैसे घेतले. आपण ज्ञानाला पैसे देत नाही, हालचालीला देतो.

तर दुरुस्ती म्हणजे काय? पाणी कुठल्या वाटेने आलं ते शोधणं. वाटा मोजक्याच आहेत. पंख्यामागचं सील. उभ्या शाफ्टचं, पाण्याच्या पंपाखालचं सील. गिअर बदलायच्या दांडीची ओ-रिंग. बेअरिंग कॅरिअरची ओ-रिंग. तेल भरायचे-काढायचे स्क्रू. जुन्या काही मॉडेलांत पेटीच दोन अर्ध्यांची असते, त्या जोडातली दोरीसारखी सील. आणि कधी कधी खुद्द कास्टिंगला गेलेली चीर किंवा खाऱ्या पाण्याने पडलेले खड्डे, विशेषतः कोकणातून आलेल्या इंजिनांत.

पंख्यामागचं सील आपल्याकडे सगळ्यात जास्त जातं आणि त्याचं कारण आपणच आहोत. पंचगंगेत पंखा फिरवून बघा. नायलॉनची दोरी, मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा, प्लॅस्टिकची पोती, जलपर्णीची मुळं, गणपतीनंतर तर काय विचारूच नका. बारीक नायलॉनचा धागा शाफ्टभोवती गुंडाळत आत सरकतो आणि सीलच्या ओठाला करवतीसारखा कापतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसतही नाही. पंखा काढायला एक पिन, एक नट, पाच मिनिटं. मी आजवर ज्या ज्या बोटवाल्याला विचारलं की शेवटचा पंखा कधी काढला होता, त्यातल्या बहुतेकांनी आकाशाकडे बघितलं.

तिथे सील एक नसतं, बहुतेक ठिकाणी दोन असतात, पाठीला पाठ लावून. एकाचं तोंड आत, तेल अडवायला. दुसऱ्याचं बाहेर, पाणी अडवायला. आपल्याकडचे कारागीर शेतीपंपावर आणि ट्रॅक्टरवर तयार झालेले. तिथे फक्त तेल अडवायचं असतं, म्हणून हात सवयीने दोन्ही सील आत तोंड करून बसवतो. इंजिन धावतं, तेल गळत नाही, मालक खूश. पाणी मात्र आरामात आत येतं. हा हाताचा दोष नाही. समोरची वस्तू आपल्या ओळखीची नाही हे कबूल करून पुस्तिका उघडायला जे दोन मिनिटांचं नमतेपण लागतं, ते नसतं एवढंच.

मग येतो इंच आणि मिलिमीटरचा तमाशा. जुनी अमेरिकन इंजिनं इंचात आहेत. पाऊण इंचाचा शाफ्ट म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चं सील खपून जातं. पण बाहेरचा व्यास सव्वा इंच असेल तर तो ३१.७५ येतो आणि दुकानात मिळतं ३२ चं. "पाव मिलिमीटरनं काय होतंय भावा, हातोड्यानं बसतंय की." बसतं. वाकडं बसतं. ओठ एका बाजूला जास्त दाबला जातो, दुसऱ्या बाजूला उघडा राहतो. पाव मिलिमीटर म्हणजे किती ते ज्या गावाने देशभरच्या गाड्यांना आणि ट्रॅक्टरांना लागणारी कास्टिंग ओतली, त्या गावाला मी सांगायचं? जी मुलं सकाळच्या पाळीत सीएनसीवर मायक्रॉनमध्ये बोलतात, तीच संध्याकाळी मित्राच्या बोटीवर "चालतंय की" म्हणतात. पाळी बदलली की नीती बदलते.

आणखी एक सापळा, जॉन्सन-इव्हिनरूडवाल्यांसाठी. तळाशी तेल काढायच्या स्क्रूच्या शेजारी बऱ्याच मॉडेलांत फुलीच्या डोक्याचा आणखी एक स्क्रू असतो. तो तेलाचा नव्हे. गिअर बदलणाऱ्या आतल्या फाट्याला तो धरून ठेवतो. घाईत तो काढलात की तेल थोडं येतं खरं, पण आतला फाटा जागा सोडतो आणि पाच मिनिटांच्या कामासाठी सगळी पेटी उघडायची वेळ येते. असं इंजिन शेडमध्ये आलं की आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरनंच कळतं.

शाफ्टवर जिथे सीलचा ओठ वर्षानुवर्षं घासतो तिथे बारीक खाच पडते. नखाला लागते. त्या खाचेवर नवं सील बसवलं तरी ते गळणारच, कारण ओठ गोल राहतो आणि शाफ्ट राहत नाही. यावर तीन उपाय आहेत. सील किंचित पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणायचा. शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची. नाहीतर हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग. तिन्ही गोष्टी कोल्हापुरात होतात, तेही चालत जाण्याच्या अंतरावर. कास्टिंगला चीर असेल तर आर्गन वेल्डिंग करून पुन्हा बोअर काढणारे हात इथे आहेत. ज्या कंपनीने यातली निम्मी इंजिनं बनवली ती अमेरिकन कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली. पुढच्या मालकांनी २०२० मध्ये इव्हिनरूड बनवणंही थांबवलं. ओले इव्हिनरूडने १९०९ च्या सुमारास विकायला काढलेल्या यंत्राचं घराणं तिथे संपलं. पण एक सील, एक बेअरिंग, एक ओ-रिंग ही काही त्या कंपनीची मक्तेदारी नव्हती. मापं माहीत असतील तर ती वस्तू जगात कुठेतरी मिळतेच किंवा करून घेता येते. जुनं यंत्र टिकतं ते याच कारणाने.

सगळं बसवून झाल्यावर जी गोष्ट नव्वद टक्के लोक करत नाहीत ती म्हणजे दाबाची चाचणी. तेल भरायच्या आधी, रिकाम्या पेटीत. वरच्या स्क्रूच्या जागी आट्याची एक नळी, तिला छोटा गेज आणि सायकलचा पंप. आधी तीन-चार पीएसआय, मग त्या मॉडेलची पुस्तिका सांगेल तितकं, साधारण दहा-बारापर्यंत. जोश दाखवून जास्त भरलंत तर चांगली सीलंही उडतील. दाब धरलेला असताना शाफ्ट हाताने फिरवायचा, गिअर पुढे-मागे करायचा, कारण काही गळत्या फक्त हलताना बोलतात. मग पेटी बादलीत बुडवायची आणि गप्प बसून बघायचं. बुडबुडा जिथून येईल ती वाट. आणि एवढ्यावर थांबायचं नाही. आता उलटं करायचं: हवा ओढून घ्यायची आणि काटा जागेवर राहतो का बघायचं. वर सांगितलं तसं पाणी शिरतं ते ओढीने. दाबाला टिकणारं सील ओढीला हार खातं, हे मी कितीदा पाहिलंय. गिअर-दांडीची ओ-रिंग बऱ्याचदा इथेच पकडली जाते आणि ती बदलायला काही मॉडेलांत सगळं खोलावं लागतं, म्हणून सगळे तिलाच सोडतात.

अर्धा तास लागतो. फार तर पाऊण. या अर्ध्या तासाला गिऱ्हाईक वैतागतं. "मेस्त्री, चालू तर झालं की, कशाला ताणताय?"

आता कुणी म्हणेल, हा छंदिष्टांचा विषय आहे. जुनी इंजिनं, इंचातली सीलं, कुणाला काय करायचंय? मला त्यांना शिरोळ तालुक्यात न्यायचंय. किंवा आंबेवाडी-चिखलीला, तेही लांब नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कितीतरी दिवस बंद होता. याचा सरळ अर्थ असा की बाहेरून बोटी, इंजिनं, जवान जे काही यायचं होतं ते ज्या रस्त्याने येणार, तो रस्ताच नव्हता. नौदल आलं, एनडीआरएफ आली, त्यांनी केलेलं काम कुणी विसरणार नाही. पण ती येईपर्यंतचे तास असतात ना, त्या तासांत गावात जे आहे तेच असतं. गावातली बोट, गावातलं इंजिन, गावातला चालवणारा. आणि ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली. ती गिअरकेसची गोष्ट नव्हती, आणि मी तिला तशी बनवणार नाही. पण एका बोटीत इतकी माणसं का चढतात? कारण दुसरी बोट येईल याची खात्री नसते. ही खात्री कशाने येते, याचा विचार केला की मी फिरून वॉशरपाशी येतो.

पुराच्या पाण्यात गिअरकेसची परीक्षा नेहमीपेक्षा कडक होते. गाळ, वाळू, उसाचं पाचट, तारा, कुंपणं. गाळ सीलच्या ओठाखाली जाऊन शाफ्टला पॉलिश पेपरसारखा घासतो. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर वर्षभर एकाच जागी दुमडून बसलेला असतो, तो सुरू होताच पाकळ्या टाकतो. आणि फेऱ्या कशा? पाच मिनिटं चालव, घराला लाव, इंजिन बंद, माणसं घे, पुन्हा चालव. तापणं, थंडावणं, तापणं, थंडावणं. दर थांब्याला एक घोट. ओढीची चाचणी न केलेल्या पेटीला मारायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. आणि इंजिन बंद पडतं ते काठावर नाही, प्रवाहाच्या मध्ये, कारण गिअरवर जोर तिथेच येतो.

पावसाळ्याआधी ठिकठिकाणी बोटींची प्रात्यक्षिकं होतात. लाइफ जॅकेट घालून फोटो, संथ पाण्यावर एक चक्कर, पेपरात बातमी. मला प्रात्यक्षिकांचा राग नाही. फक्त माझी एक साधी मागणी आहे: चक्कर झाल्यावर इंजिन रात्रभर पाण्यातच सोडा आणि सकाळी तेलाचा स्क्रू उघडा. त्याचा फोटो छापा.

एका कार्यालयाकडून आमच्याकडे एकदा इंजिन आलं होतं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण तुम्ही ज्या कार्यालयाचं नाव मनात आणाल तिथे हेच घडेल. तेल काढलं, चहा निघाला. म्हटलं, सगळी सीलं, ओ-रिंगा, इम्पेलर बदलू, दाबाची चाचणी करून देऊ, एवढे एवढे होतील. रक्कम एखाद्या बऱ्या मोबाइलच्या कव्हर-काचेसकट किमतीच्या आसपासही नव्हती. समोरच्या साहेबांनी अगदी आपुलकीने समजावलं, "मेस्त्री, एवढ्याचं बिल कुठल्या हेडमध्ये टाकू? नवीन इंजिनाचा प्रस्ताव द्या की, होऊन जाईल." ते खोटं बोलत नव्हते. खरेदीला हेड होतं. दुरुस्तीला नव्हतं. इंजिन परत गेलं, मी तेवढे दोन वॉशर माझ्या पदरचे टाकून दिले. पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

हाच सगळ्यात मोठा जुगाड आहे आणि तो आपण कारागिरांनी शोधलेला नाही. बिघडलेलं न बघता त्याच्या शेजारी नवं आणून उभं करायचं. नव्यालाही सील आहेत. नवंही थांबल्यावर थंड होतं. दोन पावसाळ्यांनी त्याच्याही पेटीत चहा तयार होतो आणि मग तिसरं येतं. दर जुलैत आपण अलमट्टीच्या उंचीवर तावातावाने बोलतो, बोललंच पाहिजे, मीही बोलतो. पण अलमट्टीचं दार आपल्या हातात नाही. ड्रेन स्क्रू आहे.

नव्या इंजिनांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं घाण करतात. पेट्रोलसोबत घातलेलं तेल अर्धवट जळून नदीत जातं, आणि पंचगंगेच्या पोटात आधीच काय कमी आहे? रोज चालवायचं असेल, पर्यटनाची बोट असेल, तर फोर-स्ट्रोकच घ्या. आत्ताचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलही जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्ब्युरेटरच्या गॅस्केटना मानवत नाही. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच जुन्या इंजिनाचं नरडं खातं, यावर हसावं की रडावं कळत नाही. पण वर्षातून चार दिवस लागणारं, बॅटरी उतरली तरी दोरी ओढून सुरू होणारं, लॅपटॉपशिवाय उघडता येणारं राखीव इंजिन म्हणून त्या जुन्याची जागा अजून कुणी घेतलेली नाही. चार दिवसांच्या धुराचा हिशेब मी मांडायला तयार आहे. तुम्ही भंगारात घातलेल्या कास्टिंगचा मांडाल का?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, त्याच वर्षाच्या अखेरीला पोर्टलही आलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, वाहनं असे चार गट. चांगली गोष्ट आहे. कंपन्यांनी पुस्तिका आणि सुटे भाग द्यावेत ही मागणी रास्तच आहे. पण हक्क मिळाल्यावर तो वापरणारा हात लागतो आणि तो हात आपण 'नाद खुळा' म्हणत म्हणत बिघडवतोय. मोबाइलवर जुन्या इंजिनाच्या जीर्णोद्धाराची रीलं बघितलीत? गंज काढला, लाल-पांढरा रंग मारला, स्टिकर लावले, संगीत वाजलं, पिंपात धूर निघाला. तीस सेकंद, लाखभर लाइक. गिअरकेसचं तेल कुठेच दिसत नाही. रंग मारणाऱ्याच्या हाताला मी नावं ठेवत नाही, रंग सुंदरच असतो. पण त्याला दुरुस्ती म्हणू नका. ती रंगरंगोटी आहे, तिचं वेगळं दुकान आहे.

याच गावात १९१८ च्या सुमारास बाबुराव पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला. आपण ती गोष्ट सांगतो ती जुगाडाची गोष्ट म्हणून. "काही नसताना केलं बघा!" अहो, सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म दर चित्राला अगदी तेवढ्याच अंतराने सरकावी लागते, प्रत्येक वेळी, सेकंदाला अनेकदा. अंतर केसभर चुकलं तर पडद्यावर चित्र नाचतं. 'चालतंय की' म्हणणाऱ्याच्या हातून तो कॅमेरा झालाच नसता. ती माणसं साधनांनी गरीब होती, मापांनी नव्हती. त्यांचा वारसा सांगायचा असेल तर हातोडा खाली ठेवून आधी व्हर्निअर घ्यावं लागेल.

आणि ज्यांच्याकडे इंजिन आहे, नवं-जुनं कुठलंही, त्यांनी मे महिन्यात एवढं करावं. इंजिन दोन दिवस उभं ठेवा, हलवू नका. खाली काचेची बाटली धरा आणि तळाचा स्क्रू, शेजारचा फुलीवाला नव्हे, अर्धा आटा सैल करा. पाणी असेल तर तेच आधी येईल, तेल मागून. स्क्रूच्या चुंबकावर किंवा टोकावर चमकदार कण दिसले तर गिअर बोलतोय, त्याचं ऐका. भरताना तेल खालच्या भोकातून वर दाबत भरा म्हणजे हवा वरून निघेल. वरून ओतलंत तर हवा अडकून पेटी अर्धीच भरते. वरचा स्क्रू आधी लावा, मग खालचा, आणि दोन्हीकडे वॉशर नवे.

दाबाचा गेज आणि आट्याच्या नळ्या माझ्याकडे आहेत, कुणालाही देतो, पैसे घेत नाही. फक्त वापरून झाल्यावर परत आणा. गेल्या मे महिन्यात नेलेला एक अजून यायचा आहे.